नाना (शब्द)

नाना हे मराठीतील विविधता व भिन्नता दाखवणारे अविकारी विशेषण आहे. 'अनेक प्रकारचे', 'निरनिराळे', 'एकमेकांहून वेगळे' हे त्याचे आजचे रूढ अर्थ होत. हा शब्द संस्कृतातून तत्सम रूपात मराठीत आला असून संस्कृतात तो अव्यय आहे. तेथे त्याचा जुना अर्थ 'वेगवेगळे, सोबत नव्हे' असा होता आणि 'पुष्कळ' ही छटा त्यातूनच पुढे वाढली. वेगळेपण आणि पुष्कळपण या दोन अर्थांपैकी कोणता घ्यावा, यावर काही उपनिषदवाक्यांचा आणि ज्ञानेश्वरीतील अनेक ओव्यांचा अर्थ अवलंबून असतो. प्राचीन मराठीत 'नाना' हे 'किंवा', 'अथवा' या अर्थाचे उभयान्वयी अव्यय म्हणूनही वापरले जाई. आजच्या वाचकाला हा वापर बहुधा अपरिचित असतो.

'नाना' हे पुरुषाचे नाव वा आदरार्थी संबोधन याहून वेगळे आहे (पाहा: 'नाना' हे नाव).

व्युत्पत्ती

पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात (५.२.२७) 'विना' आणि 'नाना' या दोन शब्दांची सिद्धी एकाच सूत्रात सांगितली आहे. 'वि' या उपसर्गाला 'ना' प्रत्यय लागून 'विना' होते. निषेधवाचक 'न' ला 'नाञ्' प्रत्यय लागून 'नाना' होते. प्रत्ययातील 'ञ्' हा केवळ खूण म्हणून जोडलेला वर्ण असून त्यामुळे आधीच्या 'न' मधील स्वराची वृद्धी होते आणि 'न' चा 'ना' बनतो. दोन्ही शब्दांचा अर्थ पाणिनी एकच देतो, तो म्हणजे 'सह नव्हे'. या व्युत्पत्तीनुसार 'नाना' आणि 'विना' हे सख्खे भाऊ ठरतात. मराठीत पुढे या दोघांच्या वाटा इतक्या फुटल्या की त्यांचे नाते सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

हे नाते केवळ रूपाचे नाही. दुसऱ्या अध्यायातील एका सूत्रात (२.३.३२) 'पृथक्', 'विना' आणि 'नाना' हे तिन्ही शब्द एकत्र घेऊन त्यांच्या योगाने नामाला कोणती विभक्ती लागते ते सांगितले आहे. म्हणजे संस्कृतात 'नाना' हा शब्द 'वाचून', 'शिवाय' या अर्थानेही चालत असे. या वापराचे उदाहरण म्हणून स्त्रीवाचून संसारयात्रा निष्फळ होते अशा आशयाचे एक वाक्य व्याकरणपरंपरेत दिले जाते. ते वाक्य 'अनेक स्त्रिया' असे वाचल्यास अर्थ पार उलटा होतो. अमरकोशातही 'नाना' दोन ठिकाणी भेटतो. एका ठिकाणी त्याचे अर्थ 'अनेक' व 'उभय' असे दिले आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी वगळणे हा अर्थ दाखवणाऱ्या 'पृथक्', 'विना', 'ऋते' इत्यादी अव्ययांच्या रांगेत तो बसवला आहे.

'नाना' ही 'ना' या घटकाची द्विरुक्ती असावी, असा दुसरा विचारही मांडला जातो. मराठीत वेगळेपण दाखवण्यासाठी द्विरुक्तीचा सर्रास वापर होतो. 'वेगवेगळे', 'निरनिराळे', 'तऱ्हेतऱ्हेचे' आणि 'परोपरी' हे शब्द त्याच रीतीने घडले आहेत. त्यामुळे मराठी कानाला 'नाना' परका वाटत नाही.

वैदिक व संस्कृत वाङ्मयातील वापर

ऋग्वेदात 'नाना' प्रामुख्याने 'वेगवेगळेपणाने' या क्रियाविशेषण अर्थाने येतो. दुसऱ्या मंडलातील इंद्रविषयक बाराव्या सूक्ताच्या आठव्या ऋचेत एकाच रथावर उभे असलेले दोघे जण इंद्राला आपापल्या परीने हाक मारतात, असे वर्णन आहे. रथासाठी 'समान' आणि हाकेसाठी 'नाना' हे शब्द एकाच वाक्यात समोरासमोर आले आहेत. येथे माणसे दोनच आहेत, तेव्हा 'पुष्कळ' हा अर्थ बसूच शकत नाही. अमरकोशाने दिलेला 'उभय' हा अर्थ अशा वापराच्या जवळचा आहे.

नवव्या मंडलातील ११२ वे सूक्त या शब्दाच्या अभ्यासात विशेष महत्त्वाचे आहे. माणसांचे विचार आणि उद्योग भिन्न भिन्न असतात, या कल्पनेने ते सुरू होते आणि तेथे 'नाना' पासून बनलेले 'नानान' हे विशेषण वापरले आहे. सुताराला मोडलेली वस्तू हवी असते, वैद्याला रोगी हवा असतो, पुरोहिताला सोमरस काढणारा यजमान हवा असतो, अशी त्याची मिस्कील मांडणी आहे. पुढे कवी स्वतःच्या घरातलेच उदाहरण देतो. तो स्वतः काव्य रचतो, वडील वैद्य आहेत आणि आई जात्यावर दळते. या ठिकाणी आईसाठी 'नना' हा शब्द आला आहे. वैविध्यवाचक 'नाना' आणि घरगुती आप्तवाचक 'नना' असे दोन सारखे भासणारे पण वेगळे शब्द एकाच सूक्तात सापडतात.

अथर्ववेदातील भूमिसूक्तात (१२.१.४५) पृथ्वीचे वर्णन करताना ती निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या आणि 'नानाधर्म' असलेल्या लोकांना एका घरातल्याप्रमाणे धारण करते, असे म्हटले आहे. तेथील 'धर्म' या शब्दाचा अर्थ आचार, रीतिरिवाज असा घ्यावा लागतो. भाषिक व सामाजिक विविधतेविषयीच्या भारतीय लेखनात या मंत्राचा उल्लेख वारंवार होतो.

उपनिषदांत मात्र हाच शब्द निषेधाचा विषय बनतो. बृहदारण्यक (४.४.१९) आणि कठ (२.१.१०-११) या उपनिषदांत, ज्याला येथे 'नाना' असल्यासारखे दिसते तो मृत्यूकडून मृत्यूकडे जातो, असा आशय आला आहे. निषेध संख्येचा आहे की वेगळेपणाचा, हा प्रश्न येथे उभा राहतो. अद्वैत परंपरेनुसार हे वाक्य भेदाचे अंतिम सत्यत्वच नाकारते. मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेनुसार ते जगातील भेद नाकारत नसून ब्रह्माच्या ठायी त्याचे गुण व रूपे यांत अंतर्गत भेद नाही, एवढेच सांगते. दोन्ही बाजूंचा वाद अखेर 'नाना' हा भेद कशाकशांतला, यावरच येऊन ठेपतो. 'नानात्व' ही तत्त्वज्ञानातील संज्ञा याच चर्चेतून रूढ झाली. मराठीत ती ज्ञानेश्वरीवरील टीका, वेदान्तविषयक लेखन आणि प्रवचने यांपुरतीच राहिली आहे.

भगवद्गीतेत शब्दाची दोन्ही अंगे दिसतात. पहिल्या अध्यायातील 'नानाशस्त्र' किंवा अकराव्या अध्यायातील विश्वरूपाच्या वर्णनातील 'नानाविध', 'नानावर्ण' हे वापर सरळ वैभवदर्शक आहेत. अठराव्या अध्यायात (१८.२१) मात्र सर्व भूतांमध्ये वेगवेगळे 'नानाभाव' पाहणारे ज्ञान राजस ठरवले आहे. त्याच्या आधीच्याच श्लोकात, विभागलेल्यांमध्ये न विभागलेले पाहणारे ज्ञान सात्त्विक म्हटले आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात 'नाना' चा सूर पूर्णपणे वेगळा आहे. सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना स्वयंपाकाचा दृष्टान्त येतो. नाना व्यंजने, वनस्पती व द्रव्ये यांच्या संयोगाने पदार्थात जसा रस उतरतो, तसा नाना भावांच्या एकत्र येण्याने नाट्यात रस उतरतो, असे तेथे प्रतिपादन आहे. 'सह नव्हे' अशी व्युत्पत्ती असलेला शब्द येथे संयोगाच्या वर्णनासाठी वापरला गेला आहे. घटक एकमेकांहून वेगळे असल्याखेरीज संयोगाला काही अर्थ राहत नाही, हे यातील गृहीत आहे.

पाली भाषेत मूळ अर्थ अधिक स्पष्टपणे टिकला. तेथे 'नानाभाव' या शब्दाचा एक महत्त्वाचा अर्थ 'ताटातूट' असा आहे आणि प्रिय माणसांच्या वियोगाविषयीच्या बुद्धवचनांत तो 'विनाभाव' या शब्दाच्या जोडीने येतो. पाणिनीने एका सूत्रात बांधलेली जोडी पालीत एका वाक्यात नांदते.

प्राचीन मराठीत

ज्ञानेश्वरीत (शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०) 'नाना' दोन अगदी भिन्न कामे करतो. एक काम ओळखीचे आहे, ते म्हणजे नामाआधी येऊन 'अनेक प्रकारचे' हा अर्थ देणे. दुसऱ्या कामात तो ओवीच्या किंवा चरणाच्या आरंभी येतो आणि त्याचा अर्थ 'किंवा', 'अथवा' असा असतो. ज्ञानेश्वर एकच मुद्दा समजावण्यासाठी दृष्टान्तामागून दृष्टान्त देतात. या दृष्टान्तांना जोडण्यासाठी ते 'कां', 'ना तरी', 'अथवा' यांच्याबरोबर 'नाना' हाही शब्द योजतात.

उदाहरणादाखल आजच्या भाषेत असे वाक्य रचता येईल: 'दिवा लावताच अंधार जावा, नाना सूर्य उगवताच चांदण्या मावळाव्यात'. येथे अनेक सूर्य उगवलेले नाहीत. 'किंवा सूर्य उगवताच' एवढाच अर्थ आहे. ज्ञानेश्वरी प्रथमच वाचणारा वाचक अशा ठिकाणी 'नाना' हे पुढील नामाचे विशेषण समजतो आणि दृष्टान्त गोंधळतो. शब्दार्थासह छापलेल्या आवृत्त्यांत 'नाना = अथवा' अशी टीप दिलेली असते, ती याच कारणाने. ओळखण्याची एक ढोबळ खूण सांगता येते. 'नाना' नंतर एकच एक, ठळक वस्तू (सूर्य, गंगा, समुद्र) येत असेल आणि आधी एक दृष्टान्त पूर्ण झाला असेल, तर तो बहुधा उभयान्वयी असतो.

'वेगळे' या अर्थाचा शब्द 'किंवा' या अर्थापर्यंत जाणे भाषिकदृष्ट्या अस्वाभाविक नाही. 'वेगळ्या रीतीने सांगायचे तर' यातूनच 'अथवा' ची छटा निघते. हा वापर पुढे मराठीतून नाहीसा झाला. आजच्या बोलण्यात किंवा लेखनात त्याचा मागमूस नाही.

समर्थ रामदासांच्या दासबोधात (सतरावे शतक) 'नाना' हा शब्द विशेषण म्हणून विलक्षण दाटीने येतो. एकाच ओवीत तो तीन-चार वेळा येणे तेथे नेहमीचे आहे. देश, लोक, वेश, मते, विद्या, उपासना, रोग, अन्ने अशा कोणत्याही विषयाची यादी रामदास 'नाना' च्या आवर्तनाने पुढे रेटतात. ओवीसारख्या लवचीक छंदात दोन दीर्घ अक्षरांचा हा शब्द लयीचा ठोका म्हणूनही उपयोगी पडतो. या याद्या रुक्ष वाटू शकतात, पण त्यांतून सतराव्या शतकातील वस्तू, व्यवसाय आणि समजुती यांचे मोठे शब्दभांडार हाती लागते आणि कोशकारांना ते उपयोगी ठरते. दासबोधाच्या अठराव्या दशकाचे नाव 'बहुजिनसी' आहे. अरबी-फारसीतून आलेला 'जिन्नस' आणि संस्कृत 'बहु' यांची ही जोडणी वैविध्यवाचक शब्दांच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आधुनिक मराठीतील व्याकरण

आजच्या मराठीत 'नाना' केवळ विशेषण म्हणून वापरला जातो. तो नामाच्या आधी येतो आणि लिंग, वचन किंवा विभक्ती यांनुसार बदलत नाही: नाना प्रकार, नाना तऱ्हा, नाना परींनी, नाना कारणांमुळे. पुढील नाम अनेकवचनी असते. एकवचनी नामाशी त्याची सांगड घालायची असल्यास मध्ये 'तऱ्हेचा', 'प्रकारचा' असा दुवा लागतो. 'नाना तऱ्हेचा माल' म्हणता येते, 'नाना माल' म्हणता येत नाही.

विधेय म्हणून 'नाना' चालत नाही. 'हे दोन रंग वेगळे आहेत' किंवा 'भिन्न आहेत' हे बरोबर आहे. 'हे रंग नाना आहेत' हे वाक्य मराठीत होत नाही. तुलना करण्याचे सामर्थ्य या शब्दाने गमावले आहे. 'अमुक हे तमुकाहून नाना' असे म्हणता येत नाही, म्हणजे संस्कृतातील 'पृथक्' शी असलेले त्याचे साम्य मराठीत उरलेले नाही. दोन वस्तूंसाठीही आता कोणी 'नाना' म्हणत नाही.

तत्सम सामासिक शब्दांत तो जोडून लिहितात: नानाविध, नानारूप, नानार्थ, नानारंगी. 'नानार्थ' ही कोशशास्त्रातील संज्ञा आहे. एकाच शब्दाचे अनेक अर्थ देणाऱ्या अमरकोशाच्या विभागाचे नाव 'नानार्थवर्ग' असे आहे. 'नानाविध' मधील 'विध' म्हणजेच प्रकार, त्यामुळे 'नानाविध प्रकारचे' या रचनेत पुनरुक्ती होते. हाच आक्षेप 'विविध प्रकारचे' यावरही घेतला जातो, कारण 'विविध' मध्येही तोच घटक आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने आक्षेप खरा आहे. तथापि 'विविध प्रकारचे' ही रचना इतकी रुळली आहे की ती चूक मानण्यात आता हशील नाही. 'नानाविध प्रकारचे' मात्र कानाला अजूनही बोजड लागते.

अर्थच्छटा आणि जवळचे शब्द

'अनेक' हा शब्द फक्त संख्या सांगतो. अनेक नाणी एकाच छापाची असू शकतात, नाना नाणी तशी असू शकत नाहीत. 'भिन्न' हा 'भिद्' म्हणजे फोडणे या धातूपासून झाला असून त्यात दोहोंमधील फट ठळक असते. म्हणून 'मतभिन्नता' होते, पण त्या जागी 'मतविविधता' म्हटल्यास विरोधाचा अर्थ सौम्य होतो. 'निरनिराळे' आणि 'वेगवेगळे' हे रोजच्या बोलण्यातले, कोणताही भाव न लावणारे शब्द आहेत. 'अठरापगड' हा विशेषतः जातींच्या संदर्भात येतो. 'सतराशे साठ' हा आकडा वैतागाच्या भरात वैविध्यवाचक म्हणून वापरला जातो.

या सर्वांत 'नाना' चे स्थान आज काहीसे विचित्र आहे. बोलीत तो ज्या नामांबरोबर अधिक येतो ती पाहिली, तर खटपटी, उचापती, भानगडी, सोंगे, शंका, तऱ्हा अशी यादी होते. त्यांत किंचित त्रास, किंचित थट्टा आणि सांगणाऱ्याचा थकवा असतो. 'त्याने विविध कारणे दिली' हे वाक्य तटस्थ आहे. 'त्याने नाना कारणे दिली' असे म्हणताच ती कारणे बोलणाऱ्याला पटलेली नाहीत, हे ऐकणाऱ्याला कळते. 'मनात नाना विचार आले' यातील विचार सहसा काळजीचे असतात. याउलट 'नाना फुले', 'नाना देश' असे प्रयोग केले की भाषा एकदम जुन्या, कथाकीर्तनाच्या वळणावर जाते.

औपचारिक भाषेतील जागा 'विविध' आणि 'विविधता' यांनी व्यापली आहे. १८६७ साली सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तार' या मासिकाच्या नावात, १९५७ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या 'विविध भारती' सेवेच्या नावात आणि शालेय पाठ्यपुस्तकांतील प्रतिज्ञेत हीच शब्दयोजना आहे. पर्यावरणशास्त्रात 'जैवविविधता' ही संज्ञा स्थिर झाली असून २००२ च्या केंद्रीय कायद्याचे मराठी नावही तिच्यावरच बेतलेले आहे. 'नानात्व' हा पर्याय व्याकरणाने शक्य असूनही अशा ठिकाणी कधी पुढे आला नाही. त्याला वेदान्तातील भ्रमाचा वास लागलेला होता, हे त्याचे एक कारण असू शकते.

'नाना' हे नाव

महाराष्ट्रात वडीलधाऱ्या पुरुषाला 'नाना' म्हणण्याची प्रथा आहे. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे, बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस, जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि क्रांतिसिंह नाना पाटील ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. पुण्यातील नाना पेठेचे नाव नाना फडणवीसांवरून पडले आहे. हिंदीत 'नाना' म्हणजे आईचे वडील. हे सर्व घरगुती आप्तवाचक शब्द असून वैविध्यवाचक अव्ययाशी त्यांचे फक्त उच्चारसाम्य आहे.

लेखनात दोघांची गल्लत होऊ शकते. 'नाना पाहुणे आले' या वाक्यात निरनिराळे पाहुणे आले, की नाना नावाचे गृहस्थ पाहुणे म्हणून आले, हे संदर्भावाचून ठरत नाही, कारण आदरार्थी क्रियापदही अनेकवचनीच असते. विभक्ती लागली की शंका मिटते. नाव असेल तर 'नानांनी', 'नानांचा' अशी रूपे होतात, विशेषणाला प्रत्यय लागत नाही. 'नानांच्या नाना तऱ्हा' हा प्रचलित शब्दखेळ याच फरकावर आधारलेला आहे.

इतर भारतीय भाषांत

हिंदीत 'नाना प्रकार', 'नाना भाँति' असे प्रयोग आहेत, परंतु ते बरेचसे ग्रांथिक वाटतात. कन्नड, तेलुगू आणि मलयाळम या भाषांनीही हा शब्द संस्कृतातून घेतला आहे. गुजरातीत तो वापरला जात असला तरी त्या भाषेत 'लहान' या अर्थाच्या 'नानुं' या विशेषणाचे पुल्लिंगी अनेकवचनही 'नाना' असेच होते. त्यामुळे गुजरातीतील 'नाना' वाचताना मराठी वाचकाने सावध राहावे लागते. तेथे 'नाना छोकरा' म्हणजे लहान मुलगे. बंगालीत मात्र हा शब्द सर्वाधिक जिवंत आहे. 'नाना रकम' आणि 'नानान' ही रूपे तेथे बाजारहाटापासून वृत्तपत्रांपर्यंत नित्य वापरात आहेत आणि त्यांना मराठीतील थट्टेची किंवा वैतागाची छटा चिकटलेली नाही. मराठीत जे काम 'वेगवेगळे' करतो, ते बंगालीत आजही बव्हंशी 'नाना' च करतो.